घरची प्रार्थना, धीराचे दोन शब्द आणि चर्चमधलं हसू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी ख्रिस्ती घरांत रोजच्या भक्तीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. ज्या गोष्टीत घरं आणि मंडळ्या (एकेका चर्चचे सभासद) जास्त अडखळतात, तिथे जास्त लिहिलं आहे.

घरच्या प्रार्थनेला किती वेळ द्यावा?

दहा मिनिटं. रोज होणारी दहा मिनिटं ही महिन्यातून एकदा होणाऱ्या दीड तासापेक्षा घराला जास्त बांधून ठेवतात.

वाटणी साधारण अशी करा: एका गीताचं धृपद आणि दोन कडवी, तीन मिनिटं. वाचन बायबलमधल्या आठ ते बारा ओव्यांचं (ओवी म्हणजे अध्यायातलं क्रमांक दिलेलं एक वचन), दोन मिनिटं. वाचलेल्यावर एकच प्रश्न आणि त्यावर बोलणं, दोन मिनिटं. प्रार्थना दोन ते अडीच मिनिटं. शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’; ती सावकाश म्हटली तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात होते. वेळ कमी असेल तर गीत गाळा, वाचन गाळू नका. आणि घरात कुणी तापाने पडलं असेल, तर एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना एवढ्यावर खुशाल थांबा.

कोणत्या वेळी बसावं?

रात्री जेवणाआधी, स्वयंपाक होऊन गॅस बंद झाल्यावर, पण ताटं वाढण्याच्या आधी. जेवण झालं की लहान मुलं पेंगतात, मोठ्यांच्या हातात मोबाइल येतो आणि घासायच्या भांड्यांपाशी असलेलं माणूस कायम गैरहजर राहतं. ताटं वाढून ठेवून बसलं, तर भाजी गार होते आणि प्रार्थना करणाऱ्यावर सगळ्यांच्या नजरा. ज्या घरात शिफ्टची नोकरी आहे, तिथे घड्याळाची वेळ धरू नका. एखाद्या कामाला वेळ बांधा. ‘सकाळचा चहा गाळला की’ ही वेळ ‘सकाळी साडेसहा’पेक्षा जास्त टिकते.

दर जानेवारीत बायबल उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीयात अडकतो. काय करावं?

हे फार घरांत होतं, आणि त्याचं गणित सोपं आहे. बायबलच्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. रोज ३ आणि रविवारी ५ अध्याय वाचले की वर्षात सगळं पुरं होतं. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ९० अध्याय, म्हणजे जानेवारी संपता संपता लेवीयाचं पुस्तक दारात उभं राहतं. नव्या वर्षाचा उत्साह ओसरण्याची आणि होमार्पणाच्या नियमांची वेळ एकच येते. त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही, क्रमाचा आहे.

पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांनी मार्कपासून करावी. १६ अध्याय आहेत, घटना भराभर पुढे सरकतात, रोज एक याप्रमाणे सोळा दिवसांत एक पूर्ण शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, वाचून होतं. फक्त चौदावा अध्याय ७२ ओव्यांचा आहे, तो दोन दिवसांत घ्या. त्यानंतर पुढीलपैकी जे जमेल ते:

- नवा करार वर्षभरात: अध्याय २६०. आठवड्यातून पाच दिवस रोज एक, म्हणजे ५२ आठवड्यांत बरोबर पुरा. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे.
- नीतिसूत्रे: ३१ अध्याय, तारखेप्रमाणे. आज १४ तारीख तर चौदावा अध्याय. एखादा दिवस चुकला तरी शोधाशोध नाही.
- स्तोत्रं: रोज पाच घेतली तर १५० स्तोत्रं तीस दिवसांत. त्यात ११९वं आलं की थांबा. ते १७६ ओव्यांचं आहे. त्याचे आठ-आठ ओव्यांचे २२ भाग आधीच पाडलेले असतात, ते बावीस दिवस पुरतात.
- डिसेंबरात लूक: २४ अध्याय, १ ते २४ तारीख. इथे दोन अडचणी येतात. पहिलाच अध्याय ८० ओव्यांचा, त्यामुळे मुलं पहिल्याच दिवशी कंटाळतात. तो सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. दुसरी अशी की येशूजन्माचा दुसरा अध्याय २ डिसेंबरलाच वाचून होतो आणि २४ तारखेला पुनरुत्थान येतं. म्हणून नाताळच्या आदल्या रात्री दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वीस ओव्या पुन्हा वाचा.

लेवीय सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. इब्री लोकांस पत्र वाचताना सोबतीला लेवीय १६ वाचलं, की तेच नियम एकदम बोलके होतात.

चार दिवस वाचन राहून गेलं. भरून काढावं का?

नाही. आजच्या तारखेचं वाचा आणि पुढे चला. बारा अध्यायांची थकबाकी डोक्यावर घेऊन बसलं की पाचव्या दिवशीही वाचन होत नाही. राहिलेल्या भागावर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. पावसाळी रविवारची दुपार त्यासाठी चांगली.

मराठीत कोणतं भाषांतर घ्यावं?

जे तुमच्या मंडळीत वाचलं जातं, ते घरातही एक असावं, म्हणजे रविवारी ऐकलेली ओवी घरी त्याच शब्दांत सापडते. त्याच्या जोडीला सोप्या मराठीतलं एक ठेवा. मराठीत ही परंपरा जुनी आहे: इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११चा, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून सगळं बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२मध्ये त्यांचं निधन झालं, त्याआधी हे काम त्यांनी पुरं केलं होतं.

आजी-आजोबांसाठी मोठ्या टायपातली प्रत घ्या. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचन सोडलेली बरीच वडीलधारी माणसं असतात आणि ती हे कारण कुणाला सांगत नाहीत. मुलांसाठी रोज एकच कठीण शब्द निवडा: ‘तारण’, ‘नीतिमान’, ‘सार्वकालिक’, ‘करार’. एका दिवसाला एक शब्द, त्यापेक्षा जास्त नको.

गाणं सुरू होतं, पण कडव्याला पोचेपर्यंत सगळ्यांचा आवाज चिरकतो. का?

कारण धृपद खालच्या स्वरात असतं आणि सुरू करणारा ते आपल्याला सोयीचं म्हणून वर धरतो. कडवं त्याहून वर चढतं आणि मग फक्त एक बाई आणि एक सातवीतला मुलगा गात राहतात. सुरू करण्याआधी कडव्यातली सगळ्यात उंच ओळ मनात गुणगुणून पाहा; ती ताण न देता निघाली तरच त्या पट्टीत सुरू करा. घरी पेटी असेल तर स्त्री-पुरुष-मुलं अशा मिश्र गाण्यासाठी काळी एकपासून पाहायला सुरुवात करा आणि गरजेप्रमाणे अर्धा-एक स्वर सरका.

पाश्चात्त्य चालींची गीतं चर्चमध्ये ऑर्गन आणि गायकवृंदासोबत भरून वाटतात, घरी चार माणसांत ती उघडी पडतात. घरासाठी भजनं बरी. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ओवी-अभंगाच्या वळणावर जी भक्तिगीतं लिहिली, ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत आणि त्यांना टाळांची एक जोडी पुरते. टाळ नसतील तर मांडीवर ठेका. महिनाभर एकच गीत गा. महिन्याच्या शेवटी मुलांना ते पाठ असतं, आणि पाठ झालेलं गीत पुढे आयुष्यभर इस्पितळाच्या खाटेवरही आठवतं.

मुलं चुळबुळ करतात. दटावावं का?

त्यांना काम द्या. एकाने अध्याय काढायचा, एकाने टाळ धरायचा, सगळ्यात लहानाने ‘आमेन’ सगळ्यांच्या आधी म्हणायचं. वाचल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं विचारू नका. त्यावर मुलं ‘खोटं बोलू नये’ हे ठरलेलं उत्तर देतात, मग वाचन कशाचंही असो. त्याऐवजी असं विचारा: ‘तू त्या नावेत असतास तर कुठे बसला असतास?’ ‘पाच भाकरी देणाऱ्या पोराच्या आईला हे कळल्यावर ती काय म्हणाली असेल?’ इथे मुलं हसतील. हसू द्या. गोष्ट त्यांच्या आत गेल्याची ती खूण आहे.

चर्चमध्ये लहान मुलासोबत बसताना कुरकुरीत पाकिटं नेऊ नका. उपदेशाच्या शांततेत ते पाकीट फोडल्याचा आवाज वेदीपर्यंत जातो. केळं, सोललेलं संत्रं, कापडी पुस्तक, जाड खडू चालतात. बाकाच्या कडेला बसा, म्हणजे बाहेर जाताना सहा जणांना उठवावं लागत नाही.

घरात एक जण फार लांब प्रार्थना करतात. वडीलधारे आहेत, सांगायचं कसं?

सांगू नका, क्रम बदला. आधी प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचं: एक आभाराचं किंवा एक मागण्याचं. शेवट आजोबांकडे द्या. त्यांना सांगा, ‘आजोबा, आता तुम्ही आशीर्वाद द्या.’ आशीर्वाद मागितला की माणूस आपोआप आटोपशीर होतं. जेवणाआधीच्या आभाराला मात्र पंधरा-वीस सेकंद पुरेत. दूरचे नातेवाईक, देशाचे पुढारी आणि मिशनकार्य यांच्यासाठी सकाळची वेळ आहे. आमटी गरम आहे तोवर ती केली त्या हातांसाठी आभार माना.

प्रार्थनेचे विषय लिहून ठेवावेत का?

जरूर. शंभर पानी वही, तीन रकाने: तारीख, विषय, पुढे काय झालं. तिसरा रकाना नसेल तर वही मागण्यांची यादी होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मागची पानं वाचा. किती गोष्टी मिळाल्या आणि आपण आभार मानायचे राहून गेलो, ते दिसतं. काही ओळींपुढे ‘अजून वाट पाहतो’ असं लिहावं लागतं. तेही लिहा, अर्धी स्तोत्रसंहिता वाट पाहणाऱ्यांनीच लिहिली आहे असं ती वाचताना वाटतं.

प्रार्थनासभेत सांगितलेली गोष्ट गावभर होते. कसं थांबवायचं?

मंडळीतल्या माणसांची मनं तुटतात ती बहुतेक इथेच, म्हणून हे काळजीने वाचा. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा, अमक्यांच्या मुलीचं सासरी पटत नाही’ ही प्रार्थनेची विनंती नसून चुगली आहे, आणि तिच्या शेवटी ‘आमेन’ आल्याने ती पवित्र होत नाही.

सभा चालवणाऱ्याने तीन नियम आधीच मोठ्याने सांगावेत. दुसऱ्याचा विषय त्याच्या परवानगीशिवाय मांडायचा नाही. आजाराचं नाव, रकमेचा आकडा, घरातल्या भांडणाचं कारण सांगायचं नाही. देवाला ते माहीत आहे. आणि ‘एका बहिणीसाठी’ असं नाव न घेता सांगितलं, पण सगळ्यांना ती कोण हे कळणार असेल, तर तो विषय सभेत आणायचाच नाही. कुणी सुरू केलंच, तर चालवणाऱ्याने मध्येच शांतपणे म्हणावं, ‘ताई, आपण आत्ताच प्रार्थना करू या,’ आणि डोळे मिटावेत. पुढचा तपशील तिथेच थांबतो आणि कुणाचा अपमानही होत नाही.

मोबाइलवरच्या गटांत तर आणखी जपावं. तिथे लिहिलेलं पुढे पाठवलं जातं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याच पुतण्याकडे पोचतं.

आजारी माणसाला भेटायला जाताना काय लक्षात ठेवावं?

घरी असेल तर पंधरा मिनिटं, इस्पितळात असेल तर पाच ते दहा. उभं राहून बोलू नका. खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. आधी विचारा, ‘प्रार्थना करू का?’ आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक खरीच द्या. वाचायला लहान स्तोत्र घ्या: २३वं ६ ओव्यांचं आहे, १२१वं ८, ४६वं ११. हळू आवाजात वाचा, शेजारच्या खाटेवरही रुग्ण असतो.

‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कधीच बोलू नका. ‘औषधं बंद करा, प्रभू बरं करील’ हेही नाही. लूक, ज्याचं शुभवर्तमान आपण वाचतो, तो ‘प्रिय वैद्य’ होता असं कलस्सैकरांस पत्रात (४:१४) म्हटलं आहे. आपल्या ओळखीतल्या कुणाला हाच आजार होऊन काय झालं, ती गोष्टही दाराबाहेर ठेवा. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी दुपारचा डबा मी आणते, मीठ कमी चालेल ना?’ असं विचारा.

दुःखाच्या घरी धीर द्यायला कोणते शब्द वापरावेत?

कमीत कमी. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र पुढे जाऊन खूप चुकीचं बोलले, पण आधी त्यांनी एक गोष्ट बरोबर केली: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत (ईयोब २:१३). नीतिसूत्रे २५:२० सांगतं की खिन्न मनापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ हे बायबलमध्ये कुठेही नाही आणि आईला मुलाच्या प्रेतापाशी हे ऐकवणं फार कठोर आहे. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात) खरं आहे, पण ते त्या माणसाने स्वतः कधीतरी म्हणायचं असतं. आपण पहिल्या दिवशी त्याच्या तोंडावर म्हणायचं नसतं. ‘मी आलोय. बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल,’ एवढं पुरतं.

खरी गरज महिन्याने सुरू होते, जेव्हा येणारी माणसं बंद होतात. म्हणून दफनविधीहून परतल्याबरोबर कॅलेंडरवर चार खुणा करा: एक महिना, त्या माणसाचा वाढदिवस, पहिला नाताळ, वर्षश्राद्धाच्या जागी आपल्याकडे होणारी स्मरणप्रार्थना. त्या दिवशी फोन करा आणि गेलेल्याचं नाव घ्या. नाव घेतल्याने दुःख उकरलं जातं असं लोकांना वाटतं; घरच्यांना उलट भीती असते की आता त्याचं नाव कुणी घेणारच नाही. डबा नेताना परत करावा लागणार नाही अशा भांड्यात न्या.

रोज पहाटे पाचला सगळ्यांना वचनाचं चित्र पाठवणं योग्य आहे का?

नीतिसूत्रे २७:१४ वाचा: मोठ्या पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला दिलेला आशीर्वाद त्याला शापच वाटतो. नीतिसूत्रे लिहिणाऱ्या शलमोनाच्या काळी मोबाइल नव्हता, पण शेजारी होते.

पाठवायचंच असेल तर दोनशे जणांना एक वचन पाठवण्याऐवजी एका माणसाला, त्याचं नाव लिहून, त्याच्या दिवसाला लागू पडणारं पाठवा: ‘सुरेखाताई, आज तुमची मुलाखत. यहोशवा १:९ आठवलं: खंबीर हो, हिंमत धर.’ याला तीस सेकंद लागतात. आणि संदर्भ उघडून तपासा. ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो’ हे वाक्य बायबलमध्ये नाही. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं, असं उत्पत्तीत लिहिलेलं नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते असं मत्तय कुठे म्हणत नाही. तीन भेटी होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून आपण माणसं मोजली. शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या) प्रश्नमंजूषेत हे तीन प्रश्न ठेवा, मोठ्यांचीही विकेट पडते.

चर्चमध्ये हसणं योग्य आहे का?

ज्या मुलाच्या वंशात पुढे येशू जन्मला, त्याचं नावच इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. नव्वदीतल्या सारेला, त्याच्या आईला, मूल होणार हे ऐकून ती तंबूत हसली (उत्पत्ती १८:१२), आणि मूल झाल्यावर म्हणाली की ऐकणारा प्रत्येक जण माझ्याबरोबर हसेल (२१:६). प्रेषितांची कृत्ये १२मध्ये येशूचा शिष्य पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतो, रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत सगळे त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत असतात आणि तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र बाहेर ठोठावतोच आहे. हा प्रसंग सरळ चेहऱ्याने वाचून दाखवणं कठीण आहे, आणि तसा वाचूही नये.

येशूने सांगितलेलं कुसळ आणि मुसळ तर मराठीत म्हण होऊन बसलं आहे. डोळ्यात अख्खं मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. ऐकणारे पहिल्यांदा नक्की हसले असतील, मग गप्प झाले असतील.

कोणता विनोद चालतो आणि कोणता नाही?

ज्याच्यावर विनोद आहे तो सगळ्यात मोठ्याने हसत असेल तर चालतो. नीतिसूत्रे २६:१८-१९ मध्ये शेजाऱ्याला फसवून ‘मी तर थट्टा करत होतो’ म्हणणाऱ्याला जळती कोलितं फेकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे. रंग, लठ्ठपणा, मूल नसणं, लग्न न जमणं, जात, दान किती दिलं, पूर्वी कुठल्या धर्मात होता: या सात विषयांवर मंडळीत विनोद करू नका. पाळकसाहेबांवर (चर्चच्या धर्मगुरूंवर) करायचा तर ते समोर असताना, आणि पाळकीणबाईंच्या स्वयंपाकावर अजिबात नाही. चर्चला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याच जेवू घालतात.

सभेत किंवा तरुण संघात सांगता येतील असे काही:

पाहुण्याने नव्या पाळकसाहेबांना विचारलं, ‘तुमची मंडळी कुठे दिसली नाही?’ ते म्हणाले, ‘अहो, ही काय, दोनशे जण समोर बसलेत!’ मागून पाळकीणबाई म्हणाल्या, ‘आणि एक स्वयंपाकघरात.’

शब्बाथशाळेत बाई: ‘नोहाने तारवात मासे का नेले नाहीत?’ पिंट्या: ‘बाई, त्यांची तर सुट्टी चालू होती.’

पाळकसाहेब ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणाले की आजी चष्मा काढून डबीत ठेवतात. दुसऱ्यांदा म्हणाले की पुन्हा घालतात. आजींना सांगा, प्रेषित पौलानेही फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘शेवटी’ म्हटलं आणि मग चौथ्या अध्यायात पुन्हा एकदा.

सूचनापत्रकात हास्यास्पद चुका होतात. कशा टाळाव्यात?

मराठीत तीन जागा धोक्याच्या. पहिली, ल आणि ळ: ‘पाळक’ आणि ‘पालक’. मोबाइल आपणहून शब्द बदलतो आणि प्रीतिभोजनाच्या सूचनेत ‘पाळक निवडून, बारीक चिरून आणावे’ असं छापून जातं. दुसरी, एका अक्षराचा फरक: ‘शुक्रवारी उपवास’च्या जागी ‘शुक्रवारी उपहास’. तिसरी, शेजारी शेजारी आलेल्या दोन निर्दोष सूचना: ‘रविवारी पाळकसाहेबांचा विशेष संदेश. संदेशानंतर लगेच मोफत रक्तदाब तपासणी.’

उपाय असा: पत्रक लिहिणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने ते मोठ्याने वाचावं, शनिवारी दुपारपर्यंत. डोळ्याला न दिसणारी चूक कानाला कळते. एकाखाली एक येणाऱ्या सूचनांमध्ये रेघ मारा. तरीही छापून गेलंच, तर पुढच्या रविवारी हसून दुरुस्ती सांगा. ज्याने टाइप केलं त्याचं नाव घेऊ नका. तो पगार न घेता रात्री जागून हे करतो.

उपदेशात झोप येते. पाप आहे का?

त्रोवसच्या युतुखाला विचारा. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, माडीत पुष्कळ दिवे होते, युतुख खिडकीत बसला होता. झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (कृत्ये २०:७-१२). पौलाने त्याला जवळ घेतलं, तो जिवंत झाला, आणि पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलला. कुणीही त्या मुलाला दोष दिल्याचं तिथे लिहिलेलं नाही. बाकी उपाय साधे: शनिवारी रात्री लवकर झोपा, पंख्याखालची पण खिडकीजवळची जागा घ्या, वही-पेन्सिल हातात ठेवा. शेजारचा झोपला तर कोपराने ढोसू नका. कदाचित तो रात्रपाळी करून थेट आला असेल.

कापणीच्या सणाचा लिलाव रटाळ होतो किंवा त्यावरून रुसवे होतात. नीट कसा करावा?

हार्वेस्टचा, म्हणजे मंडळीने अर्पण केलेल्या वस्तूंचा, लिलाव म्हणजे मंडळीच्या वर्षातला सगळ्यात हसरा तास, आणि तयारी नसेल तर सगळ्यात कटकटीचाही. एका अंड्याला भाव चढतो, घेणारा ते पुन्हा चर्चला देतो, पुन्हा बोली लागते. यातच त्याची मजा आहे.

आदल्या दिवशी प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी लावा. एका वस्तूला सरासरी एक मिनिट धरा. चाळीसच्या वर वस्तू गेल्या की लोक जेवणासाठी सटकतात, म्हणून लिंबं, मिरच्या, कोथिंबीर अशा बारीक वस्तूंच्या टोपल्या करा. पहिल्या दहा मिनिटांत अंडी, भोपळा, लिंबं काढा, म्हणजे कमी पैसेवाल्यालाही बोली लावता येते. केक आणि मोठ्या वस्तू मध्यावर, गर्दी भरलेली असताना. शिजवलेले पदार्थ झाकून ठेवा आणि लवकर काढा. कोंबडीला पायाने उलटी लटकवून दाखवू नका. सावलीत, पाण्यासकट, टोपलीत ठेवा.

बोली दहा रुपयांपासून, शंभरपर्यंत दहा-दहाने, पुढे पन्नासने चढवा. पुकारणाऱ्याशेजारी दोन लेखनिक हवेत: एक नंबर, नाव, रक्कम लिहील, दुसरा पावती फाडेल. परत आलेल्या अंड्याचा नंबर तोच ठेवा, पण नोंद नव्या ओळीत करा. ही ओळ विसरली की संध्याकाळी हिशेब जुळत नाही आणि बिचाऱ्या खजिनदारावर संशय येतो. पैसे त्याच दिवशी घ्या, रोख किंवा क्यूआर कोडने. ‘पुढच्या रविवारी देतो’ अशी येणी मागायला गेलं की संबंध बिघडतात.

पुकारणारा विनोदी हवा, पण जिभेवर ताबा असलेला. ‘अमके साहेब आज गप्प का?’ असं कुणालाही हटकायचं नाही. त्यांच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. ज्या विधवेने दानपेटीत दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकल्या तिचं कौतुक येशूने शिष्यांना जवळ बोलावून केलं; तिला सगळ्यांसमोर उभं केलं नाही.

नवरा कॅथलिक, बायको प्रॉटेस्टंट. घरची प्रार्थना कुणाच्या पद्धतीने?

वसईपासून पुण्यापर्यंत अशी घरं पुष्कळ आहेत. पहिली ठेच प्रभूच्या प्रार्थनेतच लागते: कॅथलिक माणूस ‘वाइटापासून सोडव’ या आशयाच्या ओळीवर थांबतो आणि प्रॉटेस्टंट माणूस ‘कारण राज्य, सामर्थ्य, गौरव’ असं पुढे म्हणत एकटा पडतो. शब्दांतही थोडाफार फरक असतो. दोन्ही पाठ कागदावर लिहून भिंतीला लावा आणि एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरा म्हणा. वाचन शुभवर्तमानांतून किंवा स्तोत्रांतून घ्या, ते दोघांचंही आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, पण तो वाद जेवणाआधी सोडवायचा नसतो. ऑक्टोबरात जपमाळ म्हणायची असेल तर पूर्ण पाच दशकांऐवजी (दशक म्हणजे दहा मण्यांचा भाग) एकच म्हणता येतं. ज्याला म्हणायची नाही त्याने शांत बसावं आणि दुसऱ्याने ते सहज घ्यावं.

मुलं परदेशात आहेत. व्हिडिओ कॉलवर प्रार्थना जमते का?

जमते. पुण्यात रविवारी रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत सात, लंडनला हिवाळ्यात दुपारचे तीन आणि उन्हाळ्यात चार, न्यू जर्सीत सकाळचे दहा किंवा अकरा. लंडन आणि न्यू जर्सीत वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं, तेव्हा मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेळ पुन्हा ठरवून घ्या, नाहीतर आई-वडील तासभर फोन धरून बसतात.

कॉलवर एकत्र गाता येत नाही, कारण आवाज क्षणभर मागेपुढे पोचतो आणि दुसऱ्या ओळीपासून गोंधळ होतो. एका घराने गावं, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरी सोबत गावं. वाचनाची ओवी आधीच कळवा. नातवंडांना मराठी वाचता येत नसेल तर त्यांना एक ओवी रोमन लिपीत लिहून पाठवा. ती चुकतमाकत वाचतील, आजोबा सुधारतील. शेवटच्या ‘आमेन’ला मात्र सगळ्यांचे माईक चालू करायला सांगा. तो चार देशांतून चार वेळा येतो, आणि तसाच येऊ द्यावा.